माझ्याच नावाचा उपास

ज्यांना शुगर आहे आणि ज्यांच्या घरी प्रार्थनासभाही भरते, अशा बायकांसाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर कोणी मला 'तुमचा विश्वास फार मोठा आहे हो' असं म्हणू नये. ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. विश्वास मोठा होता म्हणूनच तर हा सगळा घोटाळा झाला.

मी पुलगावची. नाव रजनी. घरीच शिवणकाम करते: ब्लाउज, परकर, फॉल-पिको, जूनच्या आधी शाळेचे गणवेश. यजमान प्रभाकर, डेपोतून निवृत्त झालेले, बोलायला काटकसरी. मुलगी शर्ली वर्ध्याला नोकरीला जाते आणि रोज परत येते. आम्ही जुने ख्रिस्ती. माझी आई रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायची आणि तिचा क्रम ठरलेला होता: आधी देव, मग दुसरी माणसं, आणि उरलंसुरलं आपल्याला. तो क्रम मी इतका गिरवला की शुगर निघाल्यावर गोळीसुद्धा उरल्या वेळातच घेत होते. गिऱ्हाईकाचा ब्लाउज झाला, यजमानांचं जेवण झालं, मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, कोणी आजारी असेल त्याला भेटून झालं, आणि मग आठवलं तर गोळी.

सुई

गणवेश शिवायचे दिवस होते. जाड कापडावर मशीनची सुई तुटली आणि टोक कुठे उडालं ते दिसेना. कोणाच्या पायात जाईल म्हणून मी लोहचुंबक घेऊन सगळी खोली पिंजून काढली. पायपुसणं झटकलं. यजमानांच्या आणि शर्लीच्या चपला उलट्या करून पाहिल्या. टोक सापडलं नाही. म्हटलं, केरात गेलं असेल.

काही दिवसांनी शर्ली म्हणाली, "मम्मी, घरात कायचा वास येऊन राह्यला वं?"

मी म्हटलं, मोरीचा. मोरीत फिनाईल ओतलं. वास गेला नाही तेव्हा पुन्हा ओतलं आणि यजमानांवर करवादले की तुम्ही मोरी नीट धूत नाही. शेवटी शर्लीनेच खाली बसून माझा उजवा पाय उचलला. तिचा चेहरा पाहिला आणि मोरी निर्दोष आहे हे मला कळलं.

वर्ध्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पायाचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी एक बारीक पांढरी रेघ होती.

"ही सुई आहे," ते म्हणाले. "दुखलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"तेच वाईट आहे."

शुगरने तळव्याची जाणीवच खाऊन टाकली होती. ते पुढे बरंच काही समजावत होते, पण मी त्या रेघेकडेच बघत होते. मला रडू आलं नाही, संताप आला. ज्या टोकासाठी मी साऱ्या घराच्या चपला तपासल्या, ते माझ्या पायात आरामात बसून होतं, आणि एकदा आपलाही तळवा उलटा करून पाहावा हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. अशा बाईला काय म्हणायचं?

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. दोन्ही बोटं काढावी लागतील. पाय वाचवायचा तर साखर ताब्यात हवी, म्हणजे वेळेवर इन्सुलिनचं इंजेक्शन, वेळेवर जेवण आणि पायाला आराम. नाही जमलं तर घोट्याच्या वरून काढावा लागेल. मी समजल्यासारखी मान हलवली. मनात विचार आला, गणवेशांचं काय करायचं? खोटं कशाला सांगू, तोच विचार आला.

पायवाल्या बाई

वॉर्डात कोणाला नाव नसतं. मी 'पायवाल्या बाई' होते. पहाटे झाडूवाली, मग सिस्टर बोटाला टोचून साखर बघणार, मग इंजेक्शन, मग नाश्ता, मग ड्रेसिंगच्या खोलीबाहेर चाकाच्या खुर्च्यांची रांग. ड्रेसिंग होताना मी भिंतीकडे बघायची. पायाकडे कधी पाहिलं नाही. शर्ली बघायची आणि ओठ दाबून धरायची. परतताना आम्ही दोघी हवापाण्याच्या गप्पा मारायचो. घरी यजमान तीन माणसांचा स्वयंपाक करून दोनदा बसने येत होते आणि शर्लीची रजा संपत आली होती. आम्ही एकमेकांवर चिडत होतो, पण मोठ्याने कोणी बोलत नव्हतं.

भेटायला येणाऱ्यांचं काय सांगू! मंडळीतले सगळे प्रेमाने आले, आणि येताना चिकू, द्राक्षं, एका घरून तर डबाभर शेवयाची खीर घेऊन आले. शुगरच्या पेशंटला! सिस्टरने खीर बघितली आणि कपाळाला हात लावला. एक बहीण माझा पाय बघून अशी हुंदके देऊन रडायला लागली की मीच उठून बसले आणि तिची पाठ चोळत राहिले. "उगी बाई, देव आहे," असं मी तिला म्हणत होते. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघत होती, पेशंट नेमकी कोण ते तिला समजेना.

बोटं गेली. टाके घालून, इंजेक्शनची पेन आणि सूचनांचा ढीग देऊन मला घरी पाठवलं. घाव अजून ओलाच होता. भरतो का चिघळतो ते महिन्याभरात कळणार होतं.

गुरुवार

आमच्या स्त्री मंडळात एक पद्धत आहे. कोणी फार आजारी असलं की त्याच्यासाठी उपासाची साखळी धरायची. रोज एका बहिणीने सकाळपासून संध्याकाळपर्यंत काही खायचं नाही, पाणी तेवढं प्यायचं, आणि त्या आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची. दुसऱ्या दिवशी दुसरी. मंगलाबाई आमच्या पुढारी. पूर्वी त्या घरोघर फिरून वार ठरवायच्या, आता फोनच्या ग्रुपवर ठरवतात. मी स्वतः कितीतरी साखळ्यांत उपास धरले आहेत, शुगर असतानासुद्धा. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

माझ्या पायासाठी साखळी निघाली. सोमवार भरला, मंगळवार भरला, शनिवारवर तर दोघींचं भांडण झालं. गुरुवार मात्र कोणी घेईना. एकीकडे साखरपुडा, एकीला पित्त, एकीची सून माहेरी. मंगलाबाईंनी लिहिलं, 'बहिणींनो, गुरुवार रिकामा आहे.' कोणी उत्तर देईना. तासाभराने पुन्हा लिहिलं, 'साखळी तुटायला नको.'

मी खाटेवर पडून हे सगळं वाचत होते. मला इतका वैताग आला! एवढ्या बायका, आणि एक वार भरत नाही? माझ्याने राहवलं नाही. मी लिहिलं, 'गुरुवार मी घेते.'

ह्यात काय चुकतं आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्यापैकी एकीच्याही आलं नाही. चौघींनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मंगलाबाईंनी लिहिलं, 'धन्य तुझी सेवा, भगिनी.'

गुरुवारी सकाळी मी इंजेक्शन घेतलं, कारण डॉक्टरांनी ते चुकवायचं नाही म्हणून बजावलं होतं. आणि जेवले नाही, कारण उपास होता. मनातून मी खूष होते. डॉक्टरांचाही मान राहिला आणि देवाचाही. यजमानांना सांगितलं की मी खाल्लंय. ते भाजी आणायला गेले. मी गुडघे टेकू शकत नव्हते, म्हणून खुर्चीत बसून स्वतःच्या पायासाठी प्रार्थना सुरू केली. थोड्या वेळाने घाम फुटला. मला वाटलं, प्रार्थनेत जोर आला. मग हात थरथरायला लागले आणि भिंतीवरचं कॅलेंडर दोन-दोन दिसायला लागलं. त्यानंतरचं मला आठवत नाही.

यजमान परत आले तेव्हा मी खुर्चीतून घसरून मशीनच्या पायट्यावर पडले होते, आणि घाव आपटून उघडला होता. शेजाऱ्यांच्या ऑटोत घालून गावातल्या दवाखान्यात नेलं. साखर पार खाली गेली होती. ग्लुकोज चढल्यावर मी डोळे उघडले. डॉक्टरीणबाई विचारत होत्या.

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"उपास होता."

"आज कायचा उपास? चतुर्थी तं नाई."

"आम्ही ख्रिश्चन आहोत."

"मग?"

"आजारी माणसासाठी होता."

"कोन आजारी हाय घरात?"

मी चादर पायावर ओढली. यजमानच म्हणाले, "हेच." एवढं बोलून ते बाहेर गेले आणि लगेच परत आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसाचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी साऱ्या दवाखान्याने ऐकला.

"तू मले सांग," ते म्हणाले, "शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा, हे तू दर रविवारी ऐकतं ना? अवं, तू सोताशी जशी वागतं, तशी शेजारणीशी वागली असती तं तिनं पोलिसात रिपोट देल्ला असता! उपाशी ठेवलं. खोटं बोलली. सडला तरी पाय पाह्यला नाई. हे प्रीती व्हय? असी प्रीती करत असशीन तं शेजाऱ्यायनं गाव सोडून जावं!"

कंपाउंडर हसला. मग यजमान भिंतीला टेकून रडले आणि कंपाउंडरचं हसू गेलं. मला त्यांचा भयंकर राग आला. चारचौघांत काय ते बोलणं! पण सलाईन लागलेलं असलं की माणसाला उठून जाता येत नाही, आणि ऐकलेलं परतही करता येत नाही.

उत्तर

पुन्हा वर्धा, पुन्हा तोच वॉर्ड. घाव वाढला होता. डॉक्टर माझ्याशी कमी आणि शर्लीशी जास्त बोलायला लागले, ते मला कळत होतं. 'घोट्याच्या वरून' हे शब्द दोनदा कानावर आले.

ह्या वेळी शेजारच्या खाटेवर सेलूकडच्या सिंधूबाई होत्या. त्यांची भाजीची शेती होती आणि पोटाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी माझं डोकं उठवलं. सकाळ झाली की त्यांना दुसरी चादर हवी, चहा गरम हवा, उशी उंच हवी. नवऱ्याकडून पिशवीतलं तेल काढून घ्यायच्या आणि स्वतःच्या हातापायांना चोळत बसायच्या, अगदी बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मला वाटायचं, काय ही आपमतलबी बाई! एकदा मी बोलून गेले, "फारच लाड चालले आहेत पायांचे."

"माहे पाय व्हय," त्या म्हणाल्या. "म्या नाई चोळले तं काय कलेक्टर येईन चोळाले?" मग केस विंचरायला माझ्या हाती आरसा धरायला दिला. विंचरून झाल्यावर म्हणाल्या, "आरसा हातात हायच तं तुह्या पायालेबी पाह्य ना. चोरावानी तोंड काऊन फिरवतं?"

मला झोंबलं. त्या चिडीतच मी आरसा खाली धरला. ह्या वेळी ड्रेसिंग खाटेवरच व्हायचं आणि सिस्टरने पट्टी सोडून ठेवलेली होती. मी पहिल्यांदा बघितलं. बोटांच्या जागी लाल खळगा, कडा पांढऱ्या, आणि त्याच्या मागे माझाच तळवा, मशीन चालवून टणक झालेला. मला किळस येईल असं वाटलं होतं. मला त्या पायाची दया आली. एवढी वर्षं मशीनचा पायटा हलवला त्याने, आणि मी त्याला एकदा उलटा करून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कोणाचा पाय असता तर मी धावत गेले असते, पाणी तापवलं असतं, त्याच्यासाठी रडले असते. मी तोंडावर पदर घेऊन रडले. सिंधूबाई म्हणाल्या, "आता आरसा दे वापस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवाशी भांडले. आमच्यात देवाशी नम्रपणे बोलायची शिकवण आहे, पण माझी नम्रता संपली होती. मी म्हटलं, प्रभू, तुझ्यासाठी उपाशी राहिले आणि तू मला पाडलंस. आयुष्यभर सगळ्यांच्या मागे जेवले. कोणाला नाही म्हटलं नाही. आणखी काय हवं आहे तुला? हा पाय हवा? घेऊन टाक एकदाचा, पण धड बोल तरी.

उत्तर आलं नाही. नाश्त्याची गाडी आली. वाढणारीने उपम्याची ताटली माझ्यापुढे आदळली आणि म्हणाली, "बाई, खाऊन घ्या, इंजेक्शन झालं हाय तुमचं."

लहानपणी आईने सांगितलेली एक गोष्ट मला तेव्हा आठवली. एक थकलेला संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडतो. देव त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. झोपू देतो आणि उठवून भाकर खायला लावतो, ती पण दोनदा. आईने ही गोष्ट कितीदा सांगितली असेल, पण भाकरीवर ती कधी थांबली नाही, पुढच्या पराक्रमाकडे घाईने जायची. मी भाकरीवर थांबले. देवाला मी उपाशी हवी असते हे मला सांगितलं कोणी? निदान त्याने तरी सांगितलेलं नव्हतं. उपम्यात मीठ नव्हतं. मी सगळा खाल्ला.

तेव्हापासून माझी स्वतःवरची प्रीती सुरू झाली असं म्हणायचं तर म्हणा. ती फार कंटाळवाणी असते हे मात्र सांगून ठेवते. रोज सकाळी आरशात तळवा बघायचा. कोमट पाणी आधी हाताच्या कोपराने तपासायचं, कारण पायाला कळत नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. घड्याळ बघून जेवायचं, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. मन अजूनही कुरकुरतं की हा स्वार्थ आहे. मी त्याला म्हणते, असू दे, आधी भाकर खाऊ.

सभा

घाव हळूहळू भरायला लागला. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "पाय राहतो आता. पण साखरेचा आणखी एक घोळ झाला तर मी शब्द परत घेईन."

मी घरी आल्यावर स्त्री मंडळाने आमच्याकडेच प्रार्थनासभा ठेवली. अकराला संपवू म्हणाल्या, आणि पावणेअकराला जमायला लागल्या. मी नेहमीच्या वेळेला, अकराच्या ठोक्याला, इंजेक्शन घेऊन बसले होते. अर्ध्या तासात जेवायचं असतं. ताट स्वयंपाकघरात झाकून ठेवलं होतं. पण गीत झालं, दुसरं गीत झालं, आणि मंगलाबाईंनी प्रार्थना सुरू केली.

मंगलाबाई एरवी आमच्यासारख्याच बोलतात. प्रार्थनेला लागल्या की त्यांची भाषा बदलते. "हे कृपासागरा, सनातन पित्या, तुझ्या या दीन दासीवर दयादृष्टी कर," असं सुरू झालं, आणि मग माझ्या पायावरून त्या देशाच्या पुढाऱ्यांवर, तरुण पिढीवर, पावसापाण्यावर गेल्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझ्या मानेवर घाम आला. ह्या वेळी तो कशाचा आहे ते मला बरोबर ठाऊक होतं.

आणि तरीही मी बसून राहिले, हे सांगायला हवं. घरात पाहुण्या आहेत, त्यांना अजून चहासुद्धा दिला नाही, आणि यजमानीण उठून आधी स्वतः जेवते? प्रार्थना चालू असताना? माझीच प्रार्थना? आईने काय म्हटलं असतं? बोटं थरथरायला लागली. माझा पाय माझ्यासमोर स्टुलावर होता, पांढऱ्या पट्टीत.

मी वॉकर ओढला आणि उठले. खडखड आवाज झाला. स्वयंपाकघरातून ताट आणता येईना म्हणून शर्लीला हाक मारली, चांगली मोठ्याने. ती ताट घेऊन आली. भाकरी, वरण, मेथीची भाजी, कांदा. मी बायकांच्या मधोमध बसून कांदा फोडला आणि जेवायला लागले.

मंगलाबाईंची प्रार्थना तरुण पिढीच्या मार्गदर्शनावर अडकली. कोणीतरी एक डोळा उघडला. माझे कान तापले, पण मी घास चावत राहिले. मग मंगलाबाईंनी घसा साफ केला. डोळे त्यांनी उघडले नाहीत.

"अन् प्रभू," त्या म्हणाल्या, "रजनी जेवून राह्यली. तिले पोटभर जेवू दे. आमाले काई घाई नाई."

सगळ्या तशाच डोळे मिटून बसून राहिल्या. मी सावकाश सगळी भाकर खाल्ली, पाणी प्यायले, आणि मग मीच आमेन म्हटलं.